एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी

आवाजाचा आजार असलेल्या माणसाला निदान सांगणारे भरपूर भेटतात. "सर्दी झाली का?" हे पहिलं निदान. "रडत होतीस का?" हे दुसरं. तिसरं तोंडावर कुणी सांगत नाही, आईला बाजूला घेऊन सांगतात: "पोरीच्या मनात कायतरी हाय, इचारून बघा." गेल्या पाच वर्षांत ही तिन्ही निदानं मी पुण्यात ऐकली आणि गावी, सास्तूरलाही ऐकली. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "ती आवाजाची थेरपी का काय घेतेस, तिनं फरक पडतो का?"

विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. कधी त्याच्या घरात कुणाचा तरी आवाज गेलेला असतो, कधी फी भरायची की नाही हे ठरवायचं असतं. मला मात्र एका शब्दात उत्तर देता येत नाही. एक तर माझ्या आवाजाला लांबलचक उत्तर झेपत नाही, आणि दुसरं म्हणजे खरं उत्तर लांबलचकच आहे. म्हणून लिहून देते.

माझ्या आजाराचं नाव स्पाझमोडिक डिस्फोनिया. आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते जवळ येतात, फुफ्फुसातली हवा त्यांच्यामधून जाते आणि ते सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात. माझ्या बाबतीत हे तंतू मध्येच एकमेकांवर घट्ट आवळले जातात. हवा अडते, शब्द तुटतो, ऐकणाऱ्याला वाटतं ही आता रडणार. घशात काही बिघडलेलं नसतं. दुर्बिणीतून पाहिलं तर तंतू पांढरे, स्वच्छ, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखे दिसतात. बिघाड आहे मेंदूकडून येणाऱ्या हुकमात. हा डिस्टोनियाचा प्रकार आहे. काही लेखकांची बोटं पेन धरलं की वळतात, इतर कामं करताना ठीक असतात. तसंच हे, फक्त बोलण्याच्या बाबतीत.

या आजाराच्या खोड्या विचित्र आहेत. कुजबुजताना तो बहुधा दिसत नाही. हसताना दिसत नाही. पुष्कळांना गाताना किंवा ओरडतानाही कमी त्रास होतो. फोनवर मात्र हमखास वाढतो. आणि तो अक्षरं निवडून पकडतो. स, श, ट, प यांसारख्या अक्षरांना स्वरतंतू थरथरावे लागत नाहीत, तिथे सुटका असते. स्वर आले की गचांडी. म्हणून तपासताना इंग्रजी बोलणाऱ्या पेशंटला ऐंशी ते नव्वद आकडे मोजायला लावतात, कारण इंग्रजीत ऐंशीतल्या प्रत्येक आकड्याच्या सुरुवातीला स्वर येतो. साठीतले आकडे त्या मानाने सोपे जातात. मराठीतही हा हिशेब जुळतो याची गंमत वाटते. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट: प्रत्येकात ष आणि ट, मी बऱ्यापैकी निभावते. एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी: प्रत्येकात मधोमध तो 'ऐं', आणि प्रत्येक वेळी तिथे दार बंद. 'सास्तूर' मला म्हणता येतं. 'आई' आणि 'अण्णा' हे दोन शब्द सगळ्यात अवघड.

आता गावाबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या आवाजाचा अर्थ तिथे एका विशिष्ट पद्धतीने लावला गेला. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तो किल्लारीचा म्हणून ओळखला जातो, पण सास्तूरही त्यात जमीनदोस्त झालं. दोन्ही जिल्हे मिळून जवळपास ८,००० माणसं गेली. माझा जन्म त्यानंतर चार वर्षांनी, पुनर्वसनाच्या गावात झाला. जुन्या गावठाणात भिंतीला भिंत होती, बायका चुलीपुढे बसून शेजारणीशी बोलत, असं आई सांगते. नवं गाव आखणी करून बांधलेलं, रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. शेजारी बोलायचं तर हाक मारावी लागते. त्यामुळे आमच्याकडे आवाज मोठा असणं हे उद्धटपणाचं लक्षण नाही, गरज आहे. आणि माझी हाक चांगली होती. आजही आहे. बोलणं तुटायचं, पण गच्चीवरून मारलेली हाक खणखणीत निघायची. त्यावरून घरात एक निष्कर्ष निघाला: "वरडायचं म्हनलं की बरं वरडतीस. मंजे घशाला काय झालेलं नाय."

निष्कर्ष तसा बरोबरच होता. घशाला काही झालं नव्हतंच. पण त्यापुढची पायरी आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे: मग मनाला झालंय. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. भूकंपात त्यांच्या घरातली माणसं गेली आणि त्यांचा आवाज गेला. ओठ हलायचे, नुसता वारा यायचा. काही महिन्यांनी एका रात्री झोपेत त्या मोठ्याने खोकल्या, शेजारच्या बाईने "बोला की आता" म्हटलं आणि त्या बोलल्या. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. तेव्हा २०२० च्या अखेरीस, लॉकडाऊनमध्ये गावी बसून ऑफिसचं काम करत असताना, दिवसभर कॉलवर बोलणाऱ्या माझा आवाज तुटायला लागला, तेव्हा गावाकडे स्पष्टीकरण तयार होतं. "भ्याली असंल." भूकंपानंतर चार वर्षांनी जन्मलेल्या मुलीलाही त्याच भूकंपाच्या खात्यात टाकून झालं.

गावाला हसायचं कारण नाही. वैद्यकशास्त्रही बरीच वर्षं हेच म्हणत होतं. १८७१ साली जर्मनीत लुडविग ट्राउबे यांनी या आजाराचं वर्णन केलं ते मज्जासंस्थेशी, 'नर्व्हस' प्रकृतीशी जोडून. त्यानंतर शंभरेक वर्षं पेशंट मानसोपचारांकडे पाठवले गेले. १९७६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्बर्ट डीडो यांनी स्वरतंतूकडे जाणारी एका बाजूची नस कापली आणि आवाज मोकळा झाला, तेव्हा कुठे हा शरीराचा आजार आहे हे गांभीर्याने घेतलं गेलं. काही वर्षांत त्यातल्या अनेकांचा त्रास परत आला, ती गोष्ट वेगळी. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू ब्लिट्झर यांनी स्वरयंत्राच्या स्नायूत पहिल्यांदा बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं, आणि तोच आजचा मुख्य उपचार आहे.

थेरपीचा प्रश्न इथेच सुरू होतो. गल्लीतल्या आजी, माझी मावशी आणि मी, तिघींचा आवाज गेला. तिघींना बाहेरून एकच शब्द लागला: आवाज बसला. आतून तिन्ही आजार वेगळे होते.

आजींचं जे झालं त्याला मानसिक आघाताने गेलेला आवाज म्हणतात. त्यात स्वरतंतू शाबूत असतात, खोकताना ते नीट एकत्रही येतात, फक्त बोलताना येत नाहीत. इथे थेरपी कमालीची चालते. थेरपिस्ट पेशंटला खोकायला लावतात, गुळणी करायला लावतात, हुंकार काढायला लावतात. त्यातून जो आवाज निघतो त्याला धरून हळूहळू शब्दापर्यंत नेतात. कधी कधी एकाच बैठकीत आवाज परत येतो. आजींच्या बाबतीत शेजारच्या बाईने नकळत तेच केलं असावं.

मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. एका खोलीत दोन वर्ग, बाहेर रस्त्याचा आवाज, वरती पत्रे. तिच्या स्वरतंतूंवर नोड्यूल्स आल्या, म्हणजे सततच्या आपटण्याने पडलेले घट्टे. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसे. अमेरिकेत नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शिक्षकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेल्या शिक्षकांचं प्रमाण ५७.७ टक्के निघालं, इतर लोकांमध्ये ते २८.८ टक्के होतं. म्हणजे हा आमच्या मावशीचा स्वभावदोष नव्हता, धंद्याचा रोग होता. तिने दोनेक महिने थेरपी घेतली. पोटातून श्वास, खांदे सैल, सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून त्यातून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. हा पोरखेळ वाटतो, पण स्ट्रॉमुळे तोंडात हवेचा उलटा दाब तयार होतो आणि स्वरतंतू जोराने न आपटता थरथरतात. त्याशिवाय तिने कमरेला अडकवायचा छोटा माईक घेतला. शाळेतले काही जण हसले. तिचा आवाज परत आला, ऑपरेशन टळलं. तिला विचारलं तर ती सांगेल: थेरपीने शंभर टक्के फरक पडतो.

आणि मी. दोन वर्षं मी आधी ज्येष्ठमध चघळलं, मग खडीसाखर-कंकोळ, मग एका डॉक्टरांनी आम्लपित्त आहे म्हणून दिलेल्या गोळ्या. आईने दृष्टही काढली. शेवटी पुण्यात स्वरयंत्राच्या खास तज्ज्ञांनी पाहिलं आणि आधी थेरपीला पाठवलं. कारण माझ्यासारखाच ऐकू येणारा आणखी एक आजार असतो, मसल टेन्शन डिस्फोनिया. त्यात घशाचे स्नायू चुकीच्या सवयीने आवळले जातात. तो थेरपीने बरा होतो. माझा होत नाही. नुसतं ऐकून दोघांत फरक करणं भल्याभल्यांना अवघड जातं, म्हणून काही आठवडे थेरपी देऊन पाहतात. सुटलं तर सवय होती. नाही सुटलं तर हुकूमच चुकीचा येतो आहे. म्हणजे थेरपी इथे औषध असण्याआधी चाचणी असते. आठ बैठकांनंतर माझे खांदे, मान, जबडा सगळं सैल झालं होतं. 'ऐं'वरचं दार तसंच बंद होतं. थेरपिस्टनी वहीत ते नोंदवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे पण उत्तरच आहे."

मी त्यांच्यासमोर रडले नाही. घरी येऊन फोन उचलला आणि आईला निदान टाइप करून पाठवलं. तिने ते अण्णांना वाचून दाखवलं. अण्णांनी मोबाईल घेऊन स्वतः एकच ओळ लिहिली. "म्हणजे मनाचं नाही." त्या तीन शब्दांनी मला जेवढं बरं वाटलं तेवढं इंजेक्शननेही पुढे वाटलं नाही.

इंजेक्शनबद्दल थोडं सांगते. गळ्यावर पुढून, बारीक सुईने, स्नायूतली विजेची हालचाल यंत्रावर ऐकत ते देतात. पहिले एक-दोन आठवडे आवाज अगदी वाऱ्यासारखा होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. मग तीन-चार महिने बरे जातात. मग औषध उतरतं आणि दार पुन्हा बंद व्हायला लागतं. हे आयुष्यभर चालतं. कॅलेंडरमध्ये मी रिलीजच्या तारखांशेजारी त्या तारखा टाकते.

मग थेरपी अजून का घेते? हाच खरा अवघड भाग आहे, आणि इथे पुरावा एका बाजूचा नाही. १९९५ मध्ये टॉमस मरी आणि गेल वुडसन यांनी दाखवलं की इंजेक्शनसोबत थेरपी घेतलेल्यांमध्ये परिणाम जास्त काळ टिकला. नंतर झालेल्या एका छोट्या चाचणीत तसा जादा फायदा दिसला नाही. माझ्या आजारात थेरपी इंजेक्शनची जागा घेते असं कुणी जबाबदार माणूस सांगणार नाही. तसं सांगून वीस बैठकांचं पॅकेज विकणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहावं.

दुसरीकडे, मेंदूच्या आजारात थेरपी व्यर्थच असते असंही नाही. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होत जातो. ब्रिटनमध्ये अशा ३८८ जणांवर चाचणी झाली आणि तिचे निकाल २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. काहींना एलएसव्हीटी लाउड ही कसून करून घेण्याची पद्धत दिली: चार आठवडे, आठवड्याला चार बैठका, सगळा भर एकाच गोष्टीवर, मोठ्याने बोलण्यावर. काहींना सरकारी सेवेतली नेहमीची थेरपी दिली. काहींना काहीच नाही. पहिल्या गटाला स्पष्ट फायदा झाला. नेहमीच्या थेरपीचा आणि काहीच न देण्याचा फरक दिसला नाही. म्हणजे 'थेरपीने फरक पडतो का' या प्रश्नात 'थेरपी' हा शब्दही एक नाही. कोणत्या आजारावर, कोणती, किती वेळा, हे विचारल्याशिवाय प्रश्न पूर्णच होत नाही. गोळी चालते का, असं विचारण्यासारखं ते आहे.

माझ्या बाबतीत ती काय करते ते सांगते. तुटणाऱ्या आवाजाला रेटा द्यायची सवय लागते. शब्द अडला की मी मान ताणायचे, श्वास कोंडायचे, संध्याकाळपर्यंत गळा दगडासारखा व्हायचा. आजारावर चढलेला हा दुसरा थर होता आणि तो माझ्या हातात होता. तो उतरला. दिवसाअखेर दुखत नाही. शिवाय काही युक्त्या मिळाल्या. स्वराच्या आधी हलकासा 'ह' सोडायचा, म्हणजे तंतू एकमेकांवर आपटण्याऐवजी हळूच भेटतात. 'आई' म्हणताना मी आता 'हाई' म्हणते. पहिल्यांदा फोनवर तशी हाक मारली तर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कसंबी म्हन, पन फोन करत जा." त्याआधी वर्षभर मी फक्त मेसेज करत होते, हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आवाजाचा त्रास मोजायला १९९७ पासून वापरात असलेली ३० प्रश्नांची एक यादी आहे. त्यात आवाज कसा आहे याबरोबर हेही विचारतात: फोन टाळता का, लोकांत जायचं टाळता का, आवाजामुळे कमाई घटली का. माझे आवाज कसा आहे याचे गुण थेरपीने फारसे हलले नाहीत. टाळण्याचे गुण उतरले. आता सकाळच्या मीटिंगमध्ये मी सुरुवातीलाच सांगते, "माझ्या आवाजाला आजार आहे, मी घाबरलेली नाही, थोडा वेळ द्या." हे वाक्य आम्ही थेरपीत घासून घासून तयार केलं. एक स्थळ आलं होतं त्यांनाही हेच सांगितलं. त्यांनी कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. तरी वाक्य पूर्ण झालं होतं.

माझ्या थेरपिस्टना गाण्याची आवड आहे. स्वरतंतू जिवंत माणसात नीट पाहून त्याचं वर्णन करणारा माणूस डॉक्टर नव्हता, गाण्याचा मास्तर होता, हे त्यांनीच सांगितलं. मानुएल गार्सिया. दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि उन्हाचा कवडसा वापरून त्याने स्वतःचा घसा पाहिला आणि १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. त्याच वर्षी जन्मलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट त्यांनी त्याला जोडून सांगितली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी येण्याआधी, एका छोट्या संस्थानात अतोनात गावं लागल्याने खाँसाहेबांचा आवाज बसला. दीर्घकाळ गाता येईना. परतला तो पूर्वीचा आवाज नव्हता. तेव्हा त्यांनी जुना आवाज मागत बसण्याऐवजी नव्या आवाजाला शोभेल, झेपेल अशी गायकी रचत नेली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराणं म्हणून ओळखली गेली. मी काही घराणं काढणार नाही. पण 'बरं होणं' आणि 'आहे त्यात काम सुरू करणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी रोज बसावं लागतं, एवढं त्यातून घेतलं.

हे सगळं मला जमलं कारण माझी नोकरी पुण्यात आहे आणि पगार आहे. सास्तूरला भूकंपानंतर उभं राहिलेलं स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, बाळंतपणासाठी आसपासच्या गावांतून बायका तिथे येतात. पण आवाजाची थेरपी तालुक्याच्या गावी सहज मिळणारी गोष्ट नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर वाचा-उपचाराची सोय आहे, ती अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. चाळिशीतल्या शिक्षिकेने, कीर्तनकाराने, भाजी विकणाऱ्या बाईने कुठे जायचं? मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला महाविद्यालयात आणि म्हैसूरच्या राष्ट्रीय संस्थेत हे शिक्षण साठच्या दशकापासून दिलं जातं आहे, तरी शिकलेली माणसं मोठ्या शहरांतच राहतात. एक वाट गेल्या काही वर्षांत निघाली आहे: पहिली तपासणी शहरात आणि पुढच्या बैठका व्हिडिओ कॉलवर. पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ लोहाऱ्यातही मिळते.

म्हणून विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं आहे. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून घ्या. तंबाखू, विडी असेल तर त्याहून लवकर जा, कारण घशाच्या कॅन्सरचीही सुरुवात अशीच होते. निदान कागदावर लिहून मागा. थेरपी सुरू केलीत तर किती बैठकांनंतर काय बदलायला हवं ते आधी विचारा, आणि बदललं नाही तर थांबून पुन्हा तपासून घ्या. घट्टे असतील, स्नायूंची सवय असेल, आघाताने आवाज गेला असेल, तर बरं होण्याची आशा भरपूर आहे. माझ्यासारखं असेल तर आवाज थेरपीने बरा होणार नाही. बोलणं मात्र सुरू होऊ शकतं. त्यासाठी मी दर मंगळवारी संध्याकाळी सातला लॅपटॉपपुढे बसते आणि एक्याऐंशीपासून मोजायला लागते. परवा पंच्याऐंशीपर्यंत गेले.